घरच्या ॲम्प्लिफायरमधली क्लास डी चिप

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केली किंवा घरबसल्या ऑनलाइन मागवले, तर आज काही शे रुपयांत तळहातापेक्षा लहान असा क्लास डी जातीच्या ॲम्प्लिफायरचा बोर्ड मिळतो आणि त्याच्यावर ‘५० वॅट + ५० वॅट’ किंवा थेट ‘१०० वॅट’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा पाहून बोर्ड घेणारे, घरात पडलेल्या कुठल्यातरी अडॅप्टरवर तो चालवणारे आणि आवाज त्या मानाने निघत नाही म्हणून शेवटी खणात टाकून देणारे बरेच जण माझ्या परिचयाचे आहेत. भुसावळ, यावल, चोपडा या पट्ट्यात असे घरगुती सेट बनवण्याची हौस पुष्कळ आहे, आणि मला विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ त्या छापील आकड्यात असते. माझे म्हणणे असे आहे की ॲम्प्लिफायर बनवण्यातले खरोखर अवघड काम चिप तयार करणाऱ्याने आधीच संपवलेले असते. आपल्याकडे उरते ते पुरवठा, तारांची जोडणी आणि स्पीकर एवढेच, आणि सेट चांगला वाजतो की वाईट हे जवळजवळ सर्वस्वी त्यावर ठरते.

आधी चिपच्या आत काय चालते ते थोडक्यात पाहू. जुन्या एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर बहुतेक वेळ अर्धवट उघडे असतात. पुरवठ्याचे व्होल्टेज आणि स्पीकरला त्या क्षणी लागणारे व्होल्टेज यांतला फरक ते स्वतःवर घेतात आणि त्याची उष्णता होते. क्लास डीमध्ये आउटपुटचा मॉस्फेट (स्विचसारखा वापरता येणारा ट्रान्झिस्टर) एक तर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद असतो. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसते आणि बंद असताना त्याच्यातून प्रवाह जात नाही, त्यामुळे दोन्ही स्थितींत तो फारसा तापत नाही. आत येणारा ध्वनिसंकेत एका त्रिकोणी लहरीशी सतत ताडून पाहिला जातो. संकेत त्या लहरीच्या वर असेल तेवढा वेळ आउटपुट चालू आणि खाली असेल तेवढा वेळ बंद, असे सेकंदाला काही लाख वेळा घडते. संकेताप्रमाणे या स्पंदांची रुंदी कमीजास्त होते आणि पुढे कॉइल व कंडेन्सर मिळून त्या स्पंदांची सरासरी काढतात; ती सरासरी म्हणजेच आपल्याला ऐकू येणारे गाणे.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा अशा पद्धतीचा ॲम्प्लिफायर किट स्वरूपात विकला होता, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने चालू-बंद होण्याइतके चपळ नव्हते आणि सांगितलेल्या १० वॅटपेक्षा त्यातून बरेच कमी मिळत असे. म्हणजे छापील वॅटची फुगवाफुगवी या जातीच्या ॲम्प्लिफायरला जन्मापासून चिकटलेली आहे. पुढे ट्रायपाथ या अमेरिकी कंपनीच्या टीए२०२० आणि टीए२०२४ या चिपांनी हौशी लोकांना पहिल्यांदा दाखवून दिले की लहानशा चिपमधून स्वच्छ आवाज निघू शकतो. त्यांतली टीए२०२० एवढी गाजली की २००९ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या मासिकाने जग हलवून सोडणाऱ्या २५ चिपांच्या यादीत तिला स्थान दिले. कंपनीचे मात्र २००७ मध्येच दिवाळे निघाले होते. त्यानंतर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि इतर उत्पादकांच्या चिपा बाजारात पसरल्या आणि आज आपल्या हातात येणारे बोर्ड त्यांच्यावरच उभे आहेत.

सुट्या मॉस्फेटांपासून क्लास डी ॲम्प्लिफायर बनवता येतो, पण मी तो मार्ग कोणाला सुचवत नाही. वरचा (पुरवठ्याच्या अधिक टोकाकडचा) आणि खालचा (उणे टोकाकडचा) मॉस्फेट क्षणभर जरी एकदम चालू झाला तरी पुरवठ्याचे दोन्ही ध्रुव थेट जोडले जातात, म्हणून एक बंद होणे आणि दुसरा चालू होणे यांच्यामध्ये अत्यंत सूक्ष्म काळाचे अंतर राखावे लागते. ते कमी पडले तर मॉस्फेट जळतात आणि जास्त झाले तर आवाज बिघडतो. एकात्मिक चिपमध्ये हे अंतर, मॉस्फेट चालवणारे परिपथ, फीडबॅक, शॉर्टपासूनचे संरक्षण आणि तापमान वाढल्यावर आपोआप बंद होण्याची सोय हे सगळे एकाच तुकड्यात असते. हाताने सोल्डर करून बनवलेल्या बोर्डवर एवढी काटेकोर रचना साधणे फार कठीण आहे.

आपल्या भागात या चिपांचे खरे मोल उन्हाळ्यात कळते. समजा ४० वॅटपर्यंत जाऊ शकणारा एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर १० वॅटवर वाजतो आहे. या वर्गाची कार्यक्षमता तत्त्वतः फार तर ७८.५ टक्के असते, आणि तीही पूर्ण आवाजाला. पाव शक्तीवर, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर, ती बरोबर निम्मी होऊन ३९ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे १० वॅटचे गाणे वाजवण्यासाठी साधारण २५ वॅट घेतले जातात आणि १५ वॅटची नुसती उष्णता होते. क्लास डीमध्ये त्याच आवाजाला एक-दीड वॅटच उष्णतेत जातो. मे महिन्यात भुसावळला सावलीतले तापमान ४४-४५ अंशांवर जाते आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक असते. अशा वेळी मध्यम आकाराच्या हीटसिंकवर १५ वॅट सोडले तर हीटसिंक सहज ९० अंशांच्या घरात पोहोचतो आणि बंद पेटीत त्याच्याशेजारचे कंडेन्सर वाळून जातात. शेजारच्या आप्पांनी क्लास डीचा पहिला सेट चालू असताना त्याच्यावर हात ठेवून विचारले होते, “भाऊ, हाऊ डबा तर गरमच व्हत नही. चालू शे ना?” त्यांच्या अनुभवातला प्रत्येक ॲम्प्लिफायर तासाभरात तापत असल्यामुळे त्यांचा प्रश्न रास्तच होता.

आता वॅटकडे वळू. स्पीकरची दोन्ही टोके चिपकडूनच चालवली जातात त्या पद्धतीला ब्रिज जोडणी म्हणतात आणि बाजारातले बहुतेक लहान बोर्ड त्याच पद्धतीचे असतात. या जोडणीत स्पीकरवर येऊ शकणारे सर्वोच्च व्होल्टेज पुरवठ्याइतकेच असते, म्हणून मिळू शकणारी शक्ती काढायला पुरवठ्याच्या व्होल्टेजचा वर्ग करावा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. १२ व्होल्ट आणि ४ ओहम घेतले तर १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॅट येतात. ८ ओहमचा स्पीकर असेल तर ९ वॅट. १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरवर ८ ओहमला साडेबावीस वॅट आणि २४ व्होल्टवर ३६ वॅट मिळतात. मॉस्फेट, कॉइल आणि तारा थोडे व्होल्टेज खातात, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा काहीसे कमीच हाती लागते.

हे गणित चिपांच्या अधिकृत माहितीपत्रकांशी ताडून पाहण्यासारखे आहे. पीएएम८४०३ ही ५ व्होल्टवर चालणारी छोटी चिप ४ ओहमला ३ वॅट देते असे उत्पादक सांगतो, आणि आपले गणितही ३.१ सांगते. टीपीए३११६डी२ साठी २१ व्होल्टवर ४ ओहमला प्रत्येकी ५० वॅट दिले आहेत आणि गणिताने ५५ येतात. टीडीए७४९८ ला ३६ व्होल्टवर ६ ओहमला १०० वॅट, गणिताने १०८. मोठ्या टीपीए३२५५ ला ५१ व्होल्टवर ४ ओहमला ३१५ वॅट, गणिताने ३२५. उत्पादक मुळीच खोटे बोलत नाहीत. ते व्होल्ट, ओहम आणि विकृती (आवाजात शिरणारी भेसळ) या तिन्ही अटी लिहून आकडा देतात. बोर्ड विकणारा त्या अटी गाळून फक्त आकडा छापतो. शिवाय हे आकडे १० टक्के विकृतीचे असतात, म्हणजे गाण्याची टोके कापली जाऊन आवाज फाटल्याचे कानाला स्पष्ट जाणवते त्या अवस्थेचे. स्वच्छ आवाजासाठी त्यातला तीन चतुर्थांश धरावा. त्यामुळे ‘१०० वॅट’च्या बोर्डला १२ व्होल्टचा सीसीटीव्हीचा अडॅप्टर आणि ८ ओहमचे स्पीकर लावले, तर दोन्ही बाजूंना सात-आठ स्वच्छ वॅट मिळणार, आणि बोर्ड बदलून त्यात काही फरक पडणार नाही.

यावरून माझी शिफारस साधी आहे. आधी स्पीकर कोणता आहे ते पाहावे, मग पुरवठा ठरवावा आणि चिप सर्वांत शेवटी निवडावी. घरातल्या खोलीसाठी टीपीए३११६ किंवा तिची बहीण टीपीए३११८ असलेला बोर्ड मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण या चिपा ४.५ व्होल्टपासून २६ व्होल्टपर्यंत कशावरही चालतात. दोघींत मुख्य फरक उष्णता कोणत्या बाजूने बाहेर काढायची याचा आहे: ३११६ ला धातूचा तळवा वरच्या बाजूला असतो आणि त्याच्यावर हीटसिंक बसवावा लागतो, ३११८ चा तळवा खाली बोर्डच्या तांब्याला सोल्डर केलेला असतो. ३११६ वरचा हीटसिंक नुसता चिकटपट्टीने बसवलेला बोर्ड हातात आला तर तो काढून थर्मल पेस्ट लावून स्क्रूने आवळावा. पीएएम८४०३ मोबाइलच्या चार्जरवर चालणाऱ्या अभ्यासाच्या टेबलावरच्या स्पीकरसाठी उत्तम आहे, मात्र तिची मर्यादा ५.५ व्होल्टची आहे. मालिकेत जोडलेले दोन लिथियम सेल तिला तत्काळ संपवतात.

पुरवठ्याविषयी अधिक विस्ताराने लिहितो, कारण खेड्यातली वीज ही आपली खास अडचण आहे. संध्याकाळी लोड वाढला की घरातले २३० व्होल्ट १८० किंवा त्याच्याही खाली येतात. जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरवरच्या सेटचा आवाज त्या वेळी दबून जाई आणि बेसबरोबर घरघर ऐकू येऊ लागे, कारण बाहेरचे व्होल्टेज उतरले की आतलेही त्याच प्रमाणात उतरते. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर मात्र ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते आणि ते खरे असते. बाहेर १७० असले तरी तो आत १९ च देतो. म्हणून मी जुना पण चांगल्या कंपनीचा लॅपटॉप अडॅप्टर नव्या बेनामी एसएमपीएस पुरवठ्यापेक्षा कधीही पसंत करतो. १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर लिहिलेला अडॅप्टर म्हणजे ६५ वॅट. चिपची तूट वजा जाता दोन्ही बाजू मिळून ५५ ते ५८ वॅट सलग मिळू शकतात, आणि गाण्यातली सरासरी शक्ती शिखरांच्या मानाने फारच कमी असल्यामुळे घरात एवढे पुरून उरते. ढोलाच्या अचानक ठोक्याला अडॅप्टर बंद-चालू होत असेल, तर बोर्डच्या पुरवठ्यावर ३५ व्होल्टचा हजार किंवा दोन हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावावा. पण उत्साहाच्या भरात दहा-वीस हजार लावू नयेत, कारण मग तो कंडेन्सर भरतानाच अडॅप्टर शॉर्ट समजून बंद पडतो.

ज्यांच्याकडे जुने ट्रान्सफॉर्मर आहेत त्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले व्होल्ट एसीचे असतात आणि डायोड ब्रिज व कंडेन्सरनंतर ते साधारण १.४ पटीने वाढतात. १२-०-१२ च्या दोन्ही टोकांवरून २४ घेतले, तर डीसी ३२ व्होल्टच्या वर जाते आणि टीपीए३११६ चा कडेलोट ३० व्होल्टला होतो. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही रात्री उशिरा लोड उतरून वीज २५० वर गेली की २६ ची मर्यादा ओलांडतो. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, म्हणजे सुमारे २० डीसी मिळतात आणि वर-खाली व्हायला जागा राहते.

वीज अजिबात नसेल तेव्हा शेतातल्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी कामी येते. ८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे तत्त्वतः ९६ वॅट-तास. नेहमीच्या आवाजाला क्लास डीचा सेट चार-पाच वॅटच घेतो, त्यामुळे शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हे पथ्य पाळूनही ती रात्रभराच्या भजनाला पुरते. एबी वर्गाच्या सेटवर तेच भजन अर्ध्या रात्रीतच थांबले असते. कानबाईच्या सणाच्या रात्री वीज गेली तर जनरेटरचा धडधडाट आणण्यापेक्षा ही सोय किती तरी बरी. पीएएम८६१० सारखी १५ व्होल्टपर्यंतची चिप असेल, तर बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना सेट वाजवू नये, कारण त्या वेळी बॅटरीवर १४.४ व्होल्ट असतात आणि मर्यादेपर्यंतचे अंतर नावापुरतेच उरते.

ब्रिज जोडणीचा दुसरा परिणाम आपल्याकडच्या जुन्या सवयींशी थेट भांडतो. जुन्या ट्रॅक्टर आणि जीपमधल्या टेपला स्पीकरची एकच तार यायची आणि दुसरे टोक गाडीच्या बॉडीला बोल्टने आवळलेले असायचे. एलए४४४० सारखी आयसी स्टिरिओ जोडणीत असताना ते चालून जाई, कारण तिथे स्पीकरचे एक टोक खरोखरच अर्थ (पुरवठ्याच्या उणे बाजूचे सामाईक टोक) होते. क्लास डीच्या ब्रिज बोर्डमध्ये स्पीकरचे ‘उणे’ टोकही चिपचे जिवंत आउटपुट असते आणि शांत असतानाही त्याच्यावर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज असते. ते बॉडीला लागले की चिपचे एक आउटपुट थेट शॉर्ट होते. नशीब चांगले असेल तर संरक्षण जागे होऊन आवाज बंद होतो, नसेल तर चिप जाते. याच कारणाने डाव्या आणि उजव्या स्पीकरची उणे टोके एकत्र करून तीन तारांवर काम भागवणे, हेडफोनचा जॅक लावणे किंवा ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप स्पीकरच्या टोकाला लावणे हे सगळे वर्ज्य आहे. ट्रॅक्टरवर बोर्ड बसवायचा असेल तर प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा न्याव्यात आणि स्पीकरची पत्र्याची फ्रेम कोणत्याही टोकाला टेकत नाही ना हे मीटरने पाहावे.

आउटपुटच्या कॉइलबद्दल लोक विनाकारण घाबरतात, आणि जिथे लक्ष द्यायला हवे तिथे देत नाहीत. नेहमीच्या १० मायक्रोहेन्रीच्या कॉइल आणि ०.६८ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरची कटऑफ वारंवारता (जिच्या वरचे सगळे गाळले जाते ती) सुमारे ६१ किलोहर्ट्झ येते, म्हणजे ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या तिप्पट. स्पीकर ४ ओहमचा आहे की ८ चा, यावर २० किलोहर्ट्झजवळचा आवाज पाऊण डेसिबलने खाली किंवा अर्ध्या डेसिबलने वर सरकतो. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याच्या कानांना तर त्या वारंवारतेचे अस्तित्वच कळत नाही. त्यामुळे स्पीकरनुसार कॉइल बदलण्याच्या नादी लागू नये. कॉइल किती प्रवाह सहन करते हे मात्र जरूर पाहावे. १९ व्होल्टवर ४ ओहमला शिखराचा प्रवाह पावणेपाच अँपिअर होतो. एवढ्या प्रवाहाला स्वस्त बोर्डावरच्या वाटाण्याएवढ्या कॉइलचा गाभा चुंबकीयदृष्ट्या तृप्त होतो, तिची कॉइलगिरी संपते आणि बेसच्या प्रत्येक ठोक्याला आवाज खरखरतो. अहिराणी लग्नगीतांत खालचा ढोल जोरकस असतो, तिथे हे ताबडतोब उघडे पडते. पीएएम८४०३ सारख्या लहान चिपा कॉइलशिवाय चालतात, पण स्पीकरची तार वीतभर असेल तरच. तार लांब नेली की तीच एरियल होऊन बसते.

एरियलवरून आठवले. घरात अजून मध्यम लहरींवर रेडिओ ऐकणारे वडीलधारे असतील, तर क्लास डीचा सेट आणि रेडिओ शेजारी ठेवू नयेत. चिप ४०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर तिच्या ८०० आणि १२०० च्या पटीतल्या लहरी थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. टीपीए३११६ मध्ये याचसाठी ४००, ५००, ६००, १००० आणि १२०० किलोहर्ट्झ अशा वेगवेगळ्या वारंवारता निवडायची सोय दिलेली आहे, पण तयार बोर्डवर त्या पिना बहुधा कायमच्या जोडून टाकलेल्या असतात. पत्र्याची पेटी, लहान तारा आणि रेडिओपासून थोडे अंतर एवढ्यावर भागते.

आवाज नसताना ऐकू येणारी ‘सूं’ ही तक्रार बहुतेक वेळा गेनची, म्हणजे चिप संकेत किती पट मोठा करते त्या प्रमाणाची, असते. टीपीए३११६ मध्ये २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल असे चार गेन आहेत, म्हणजे अनुक्रमे सुमारे १०, २०, ४० आणि ६३ पट, आणि कोणता लागू होणार हे दोन रेझिस्टर ठरवतात. मोबाइल अर्धा व्होल्ट देत असेल तर २० पटीने १० व्होल्ट होतात, आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर तर (शिखराचे १२ भागिले १.४) साडेआठच पुरतात. म्हणजे २६ डेसिबल पुष्कळ झाले. विकणारे ३२ किंवा ३६ ठेवतात, कारण व्हॉल्यूमचे बटन जरासे फिरवताच मोठा आवाज झाला की गिऱ्हाईक खूश होते. वाढत्या गेनबरोबर चिपची इनपुट इंपिडन्सही (आत येणाऱ्या संकेताला होणारा विरोध) ६० किलोओहमवरून ९ पर्यंत घसरते. त्या ९ किलोओहमसमोर ५० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल लावला की बटन मधल्या टप्प्यात काहीच करत नाही आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उसळते. १० किलोओहमचा लॉग प्रकारचा दुहेरी पॉट (व्हॉल्यूम कंट्रोल) आणि कमी गेन ही जोडी मला नेहमी समाधानकारक वाटली आहे.

ब्लूटूथ मॉड्यूल त्याच पेटीत बसवणाऱ्यांना आणखी एक त्रास हमखास होतो: मोबाइल जोडला की चिरचिर, टिकटिक असा आवाज मागे सुरू राहतो. मॉड्यूलचा पुरवठ्याचा प्रवाह आणि गाण्याचा संकेत या दोघांना परतायला एकच अर्थ तार मिळते, आणि त्या तारेवरची खळबळ चिप गाणे समजून मोठी करते. मोठे कंडेन्सर लावून हे जात नाही. बी०५०५एस सारखा अलग अर्थ देणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर मॉड्यूलच्या पुरवठ्यात घातला की मॉड्यूलची अर्थ फक्त संकेताच्या तारेतूनच जोडलेली राहते आणि खोली शांत होते. ज्यांना ही भानगडच नको, त्यांनी थेट डिजिटल संकेत घेणारी एमएएक्स९८३५७ सारखी चिप इएसपी३२ या ब्लूटूथ असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला जोडून पाहावी. ५ व्होल्टवर ४ ओहमला तीनएक वॅट एका बाजूला मिळतात.

स्पीकरबद्दल एवढेच सांगतो की त्याच्या संवेदनशीलतेकडे पाहिल्याशिवाय वॅटची चर्चा करू नये. आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट शक्ती लागते. एका वॅटला ८४ डेसिबल देणारा लहानसा आधुनिक स्पीकर आणि ९० देणारा जुना कागदी कोनाचा आठ इंची स्पीकर यांत चौपट शक्तीचा फरक आहे, म्हणजे जुन्या स्पीकरवर १० वॅट आणि नव्यावर ४० वॅट सारखेच वाजतात. माळ्यावर धूळ खात पडलेले जुन्या रेडिओग्रामचे स्पीकर फेकून देण्याआधी म्हणूनच एकदा या बोर्डला जोडून ऐकावेत. त्यांचा कागद फाटलेला नसेल आणि लाकडी पेटी घट्ट असेल तर नवे काही घेण्याची गरज पडत नाही.

बोर्ड पहिल्यांदा चालू करताना स्पीकर लावू नये. कमी क्षमतेचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा, म्हणजे काही चुकीचे जोडले गेले असेल तर अडॅप्टर स्वतःच हात वर करतो. मीटरची काळी पिन पुरवठ्याच्या उणे टोकावर ठेवून आउटपुटची चारही टोके एकेक करून मोजावीत. प्रत्येकावर ६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. काही बोर्डांत चिप वेगळ्या मोडवर ठेवलेली असते आणि तिथे त्याहून बरेच कमी दिसतात, पण एका स्पीकरच्या दोन्ही टोकांवर आकडा सारखाच हवा. मग मीटर त्या दोन टोकांमध्ये लावावा: काही मिलिव्होल्ट आले तर ठीक, अर्धा व्होल्ट जरी आला तरी त्या बाजूला स्पीकर जोडू नये आणि बोर्ड परत करावा. सगळे ठीक असेल तर घरातला सर्वांत जुना स्पीकर जोडून तासभर मंद आवाजात वाजवावे, चिपवर बोट ठेवून पाहावे, आणि मगच १९ व्होल्टचा अडॅप्टर व चांगले स्पीकर लावावेत.